घर किती मोठे, गाडी किती रुंद: खरेदीपूर्वी करायचा हिशेब

घर आणि गाडी घेताना बहुतेक कुटुंबांत एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे आपल्याला जास्तीत जास्त किती परवडेल. बँक कर्जाची मर्यादा सांगते, बिल्डरचा माणूस "थोडे ताणले तर तीन बीएचके बसेल" असे सुचवतो, शोरूममध्ये वरचे मॉडेल दाखवताना हप्त्यातला फरकच तेवढा सांगितला जातो, आणि घरातली वडीलधारी मंडळी "एकदाच घ्यायचे तर मोठेच घ्या" म्हणून मोकळी होतात. आपल्याला नेमके किती लागते, हे या सगळ्या बोलण्यात कोणीच विचारत नाही. पुढे दिलेली पद्धत त्या प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याची आहेत. इतर शहरांतील वाचकांनी त्यात आपापले दर घालावेत.

हे लेखन कोणासाठी नाही, तेही आधीच सांगितलेले बरे. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते, तेव्हा ती चैन नसते. ज्यांच्याकडे पुरेसे घर आणि चालती गाडी आहे, आणि तरीही दोनाच्या तीन खोल्या, हॅचबॅकची एसयूव्ही असा विचार ज्यांच्या मनात घोळतो आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब आहे.

आधी वापराची नोंद

सध्याच्या घराच्या खोल्यांची नावे एका कागदावर लिहावीत, तो कागद फ्रिजवर लावावा, आणि दोन आठवडे रोज सकाळी, संध्याकाळी व रात्री कोण कोणत्या खोलीत होते याची खूण करावी. हे दोन आठवडे साधे असावेत. दिवाळी, गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी त्यात नसावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांत अशाच रीतीने, पण फार बारकाईने नोंदी घेतल्या होत्या, तेव्हा माणसे घराच्या थोड्याच भागात, म्हणजे स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल आणि टीव्हीसमोरची जागा एवढ्यात, दाटीने वावरताना दिसली. बहुतेकांच्या गॅरेजमध्ये सामान इतके साठले होते की गाडी लावायला जागा उरली नव्हती. आपल्याकडच्या कागदावरही चित्र फार वेगळे निघत नाही. तिसऱ्या खोलीत बहुधा इस्त्रीला द्यायचे कपडे, बॅगा, न वापरलेली व्यायामाची सायकल आणि पाहुण्यांसाठीच्या गाद्या राहतात.

त्याच कागदाच्या मागे, या काळात कोणत्या कामाला जागा मिळाली नाही, तेही लिहावे. मुलाला अभ्यासाला शांतता नव्हती, ऑनलाइन मीटिंगच्या वेळी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आईला दुपारी पडायला जागा नव्हती, अशा या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीपुढे, खरोखर खोली कमी पडली की नुसते बंद करता येणारे दार कमी पडले, हे ठरवावे. पुष्कळ अडचणी एखादे पार्टिशन, भिंतीला लागणारे घडीचे टेबल किंवा माळा नीट आवरण्याने सुटतात, आणि त्यांचा खर्च लाखाच्या आत राहतो. ज्या सुटत नाहीत, त्या मात्र खऱ्या गरजा आहेत. कायम घरून काम करणारी दोन माणसे, सोबत राहायला आलेले सासू-सासरे, किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांसाठी स्वतंत्र खोली लागतेच. तिथे काटकसरीचा उपदेश कोणी करू नये.

एका जादा खोलीची खरी किंमत

आता पैशांकडे वळू. समजा, ७०० चौरस फूट कार्पेटचा दोन बीएचके आणि ९५० चौरस फूट कार्पेटचा तीन बीएचके यांत निवड करायची आहे, आणि कार्पेटवरचा दर चौरस फुटाला १०,००० रुपये आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार विक्री कार्पेट क्षेत्रावरच व्हायला हवी. या क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. त्यामुळे "सेलेबल" म्हणून जो आकडा तोंडी सांगितला जातो, तो बाजूला ठेवावा.

फरक २५० चौरस फुटांचा, म्हणजे २५ लाखांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के असल्याने त्यावर पावणेदोन लाख वाढतात, आणि बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात ५ टक्के जीएसटीचे आणखी सव्वा लाख. या २५ लाखांपैकी २० लाख कर्जाने उभे केले, तर २० वर्षे मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरून महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपयांनी वाढतो, आणि २० लाखांची परतफेड अखेर साडेएकेचाळीस लाखांच्या पुढे जाते. ही खोली वर्षातून १५ दिवस पाहुण्यांसाठी वापरली जाणार असेल, तर पाहुण्यांच्या एका रात्रीचा खर्च, नुसत्या हप्त्याच्या हिशेबाने, जवळजवळ चौदा हजार रुपये पडतो. त्या पैशात पाहुण्यांना शहरातल्या उत्तम हॉटेलात उतरवता येईल, हे अर्थातच कोणी प्रत्यक्षात करणार नाही, कारण आपल्याकडे नातेवाइकांना हॉटेलात उतरवणे म्हणजे संबंध तोडण्यासारखेच. पण हॉलमध्ये चांगला सोफा-कम-बेड ठेवल्याने तरी कोणाचा अपमान होत नाही.

खरेदीनंतरचा खर्च सोसायटीच्या स्वरूपावर अवलंबून असतो, आणि हे बुकिंगपूर्वीच विचारून घ्यावे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, मात्र सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे ओघाने क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकारला जातो. इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेली असेल, तर सामाईक खर्चातील वाटा सामाईक जागेतील प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्यानुसार ठरतो, त्यामुळे मोठ्या सदनिकेला दरमहा जास्त पैसे भरावे लागतात. पुण्यात दोन्ही प्रकार सर्रास आढळतात आणि घेणाऱ्याला बहुधा पहिले बिल हातात पडल्यावरच त्यातला फरक कळतो. मालमत्ता करही क्षेत्रफळावर जातो. मुंबईत तर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. तिथे ही रेषा ओलांडण्यापूर्वी जरूर थांबून पाहावे.

रंगकाम, पेस्ट कंट्रोल, पडदे, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या यांचे खर्च किरकोळ वाटतात आणि तसे ते सुटे सुटे किरकोळच असतात. विजेचे तसे नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे तिसऱ्या खोलीतला एसी नुसते जास्त युनिट खात नाही, तर ती वाढीव युनिटे वरच्या, महाग टप्प्यात ढकलतो. आणि केर-फरशी मोठ्या घरात जास्तच करावी लागते. ती कोण करणार, हा प्रश्न घर पाहायला गेलेल्या पुरुषांना सहसा सुचत नाही. कामाला येणाऱ्या मावशी खोल्या मोजून पैसे सांगतात, ज्या दिवशी त्या येत नाहीत त्या दिवशी ते काम घरातल्या एकाच व्यक्तीवर येते, आणि ती व्यक्ती कोण असते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून जादा खोलीचा निर्णय घेताना त्या व्यक्तीचे मत निर्णायक धरावे.

नमुना सदनिकेत काय पाहावे

नमुना सदनिकेत अनेकदा आतल्या खोल्यांना दारे बसवलेली नसतात, कपाटे कमी खोलीची असतात आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, त्यामुळे सगळे ऐसपैस वाटते. मेजरिंग टेप सोबत न्यावी, आपल्या घरातील पलंग, कपाट आणि जेवणाच्या टेबलाची मापे लिहून न्यावीत, आणि ती जागेवर ताडून पाहावीत. पॅसेजची लांबी-रुंदी स्वतंत्र मोजावी. चार फूट रुंद आणि पंधरा फूट लांब पॅसेज म्हणजे ६० चौरस फूट, आणि वरच्या दराने सहा लाख रुपये, ज्यांवर फक्त चालता येते. नीट आखलेले ७०० चौरस फुटांचे घर वेडेवाकडे आखलेल्या ८०० चौरस फुटांपेक्षा जास्त वापरता येते. हे नकाशावरून कळत नसेल, तर एखाद्या ओळखीच्या वास्तुविशारदाला तासाभराचे पैसे देऊन विचारावे. या संपूर्ण व्यवहारातला तो सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च ठरेल.

घरे मोठी होत जाणे आणि कुटुंबे लहान होत जाणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे अमेरिकेत स्पष्ट दिसले आहे. तिथे नव्या स्वतंत्र घराचे सरासरी क्षेत्रफळ १९७३ मध्ये सुमारे १,६६० चौरस फूट होते, ते २०१५ पर्यंत २,६८० च्या पुढे गेले, तर कुटुंबातील माणसांची सरासरी संख्या तीनावरून अडीचपर्यंत उतरली. न्यू जर्सी किंवा टेक्ससमधील मराठी कुटुंबांना बेसमेंट, लॉन आणि हिवाळ्यातले गॅसचे बिल यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुण्या-मुंबईतही मुले शिक्षणासाठी बाहेर पडली की तीन बीएचकेमध्ये दोघेच उरतात. म्हणून घर घेताना मुलांचे आजचे वय आणि ती घरात राहण्याची उरलेली वर्षे शेजारी शेजारी लिहावीत. मुलगी चौदा वर्षांची असेल, तर वीस वर्षांचे कर्ज काढून तिच्यासाठी घेतलेल्या खोलीत ती कदाचित चार वर्षे राहील.

गाडीचे माप

गाडीच्या बाबतीतही सुरुवात नोंदीनेच करावी. महिनाभर प्रत्येक फेरीला गाडीत किती माणसे होती आणि किती किलोमीटर झाले, एवढेच लिहावे. शहरात नोकरीसाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीच्या बहुसंख्य फेऱ्यांत एक किंवा दोन माणसे निघतील. सातवे आसन कधी लागले, ते शोधावे लागेल. शिवाय तिसरी रांग उभी केली की मागे सामानाला जेमतेम जागा उरते, त्यामुळे सात माणसे आणि सातांच्या बॅगा घेऊन कोकणात जायचे असेल, तर बहुतेक सातआसनी गाड्यांना वर कॅरिअर लावावाच लागतो. शोरूममध्ये ही रांग मुद्दाम उभी करायला सांगावी आणि घरून नेलेली मोठी बॅग मागे ठेवून पाहावी.

त्यानंतर टेप घेऊन पार्किंगमध्ये जावे. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० दीड मीटरही रुंद नव्हती. आजची वॅगनआर १.६२ मीटर, क्रेटा १.७९ मीटर, आणि स्कॉर्पिओ-एन १.९१७ मीटर रुंद आहे, आणि या मापांत बाजूचे आरसे धरलेले नाहीत. पार्किंगची जागा साधारणपणे अडीच मीटर रुंद असते. त्यात वॅगनआर मधोमध लावली, तर दोन्ही बाजूंना ४४ सेंटिमीटर उरतात; स्कॉर्पिओ-एन लावली, तर २९. एकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे एक फूटही नाही. एका बाजूला खांब असेल आणि शेजाऱ्याची गाडीही तेवढीच रुंद असेल, तर गुडघेदुखी असलेल्या आईला आधी बाहेरच उतरवावे लागेल, आणि चालवणाऱ्याला अंग चोरून बाहेर पडावे लागेल. पार्किंग यांत्रिक असेल, तर त्यावरील पाटीवर लिहिलेली वजनाची आणि उंचीची मर्यादा गाडीच्या मापांशी ताडून पाहावी. अनेक जुन्या स्टॅक पार्किंगमध्ये उंच एसयूव्ही बसतच नाही. नवीन सदनिका घेणाऱ्यांना एक सोय झाली आहे: पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची यांचा तपशील कागदोपत्री द्यावा, असे महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) २०२४ मध्ये बिल्डरांना बजावले आहे. करारनाम्यात तो तपशील शोधावा आणि नसेल तर मागावा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले रुंद, मोकळ्या रस्त्यावर नेतात. गाडी आपल्या गल्लीत, आपल्या रॅम्पवर, मुलांच्या शाळेच्या रस्त्यावर आणि शक्य असेल तर संध्याकाळी सहा वाजता सदाशिव किंवा नारायण पेठेत चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. गाव कोकणात असेल, तर वाडीतल्या रस्त्याची रुंदी आठवावी. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि समोरून येणारा डंपर, अशा वेळी मागे घ्यावी लागणारी गाडी पावणेपाच मीटर लांब असणे म्हणजे काय, ते एकदा अनुभवले की पुरते.

करांची रचना समजून घेतली, तर चार मीटर ही रेषा किती महत्त्वाची आहे हे कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्यानंतर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर किमतीनुसार चढतो: वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के, आणि डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के अधिक. म्हणजे मोठी गाडी घेणारा करावर कर मोजत जातो. दुसरीकडे, विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात निम्म्यावर धरली जाते. आठ लाखांच्या गाडीचे निम्मे आणि वीस लाखांच्या गाडीचे निम्मे यांत सहा लाखांचा फरक आहे.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने शहरात लिटरला १८ किलोमीटर दिले, तर सुमारे ५५५ लिटर लागतात. ११ दिले, तर ९१० लिटर. साडेतीनशे लिटरांचा हा फरक शंभराच्या वरच्या दराने पस्तीस हजारांच्या पुढे जातो. टायर, ब्रेक आणि विम्याचा हप्ता आकाराबरोबर वाढतात. टायरच्या एका संचाची किंमत दोन्ही गाड्यांसाठी विचारून घ्यावी, कारण अठरा इंची टायरचा भाव ऐकून भले भले गप्प होतात.

सातआसनी गाडीची गरज वर्षातून दोन-तीनदाच असेल, तर ती भाड्याने घ्यावी. पुण्याहून गणपतीपुळ्याला जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटर धरले आणि दर किलोमीटरला २० रुपये धरला, तर १३,००० रुपये, वर चालकाचा भत्ता आणि टोल. घाटात गाडी दुसऱ्याने चालवली, हा फायदा वेगळाच.

"मोठी गाडी सुरक्षित असते" हे वाक्य कुटुंबातल्या चर्चेत हमखास येईल, आणि त्याला उत्तर तयार ठेवावे. आतल्या माणसांची सुरक्षितता गाडीच्या ढाच्यावर, एअरबॅगांवर आणि पट्टा लावण्यावर फार अवलंबून असते. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी, टाटा नेक्सॉन, चार मीटरच्या आतलीच होती. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणीही सुरू आहे. घ्यायच्या गाडीचे गुण तिथे पाहावेत. बाहेरच्या माणसांसाठी मात्र आकार घातकच ठरतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, बॉनेटची कड सुमारे एक मीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. सोसायटीच्या आवारात खेळणारे पाच वर्षांचे मूल त्या बॉनेटपुढे उभे राहिले, तर चालकाला ते दिसणार नाही, असे होऊ शकते. पॅरिसच्या नागरिकांनी फेब्रुवारी २०२४ मधील मतदानात शहराबाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट करण्याच्या बाजूने कौल दिला, त्यामागे जागा आणि सुरक्षितता हीही कारणे होती. आपल्याकडे असे शुल्क नाही, त्यामुळे आपल्या रुंद गाडीची किंमत पदपथ सोडून रस्त्यावरून चालणारा माणूस भरत राहतो.

दोन्ही हिशेब एकत्र

घर आणि गाडीचे निर्णय वेगवेगळ्या वर्षी होतात, म्हणून ते एकमेकांशेजारी ठेवले जात नाहीत. ते ठेवून पाहावेत. ७०० चौरस फुटांच्या घरासाठी साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचे ५५ लाखांचे कर्ज घेतले आणि मोठ्या गाडीऐवजी छोटी घेऊन वाचलेले आठ लाख सुरुवातीलाच कर्जात भरले, तर हप्ता तोच, सुमारे ४७,७०० रुपये, ठेवूनही कर्ज २० ऐवजी १४ वर्षे आणि दोन महिन्यांच्या आसपास फिटते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. रक्कम भरताना मात्र हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे.

ज्यांनी मोठे घर आधीच घेतले आहे आणि आता दोघांनाच ते आवरत नाही, त्यांनी लहान घरात जाण्याचा विचार करताना आयकर कायद्यातील घरविक्रीच्या सवलतीची मुदत पाहावी: दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवायचा असल्यास ते विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावे लागते, आणि बांधायचे असल्यास तीन वर्षांत. नवे घर स्वस्त असेल आणि सगळा नफा त्यात गुंतला नाही, तर उरलेल्या नफ्यावर कर लागतो. ही रक्कम किती येते, ते ग्राहक शोधण्यापूर्वीच सीएकडून काढून घ्यावे आणि विक्रीची अपेक्षित किंमत त्यानुसार ठरवावी.